काट्यावर फरक नाही

तीर्थरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावर साष्टांग घालायला माझी हरकत नसते. प्रत्यक्षात खाली गेले तर मला उठवायला एक धडधाकट माणूस लागतो, आणि आमच्या घरात सध्या तो नाही. त्याचं कारण पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिन्याचा कठडा तुम्ही अखेर बसवून घेतलात की अजून भिंतीलाच धरून उतरता? आणि मुख्य म्हणजे नवी कवळी बसली का? मागच्या फोनवर तुमच्या प्रत्येक शब्दामागे एक बारीक शिट्टी येत होती. त्यावरून ह्यांनी लगेच निदान केलं की वरचं माप ढिलं घेतलंय आणि ताईने ती कवळी दातवाल्याच्या टेबलावर परत आपटावी. तसं करू नका. थोडी घासून घ्या, पण ठेवा. आणि जेवताना लावता की नुसती पेल्यात भिजत ठेवता, तेही कळवा. हे मी उगाच विचारत नाही.

इकडे सर्व क्षेम आहे. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, वाईट बातमी तिसऱ्या परिच्छेदाच्या आधी देऊ नये, तोवर वाचणारा खुर्चीत नीट टेकलेला असतो. हा दुसराच परिच्छेद आहे, पण माझ्याच्याने थांबवत नाही, तेव्हा तुम्ही आत्ताच टेकून घ्या. तुमच्या भावाच्या ‘पचनाची किरकोळ तक्रार’ असं जे तुम्हाला वर्षभर सांगितलं जात आहे, ती पचनाची नाही आणि किरकोळही नाही. त्यांना लिव्हरचा सिरॉसिस झालाय. ताईला कळवायचं नाही, तिचा रक्तदाब चढेल, अशी मला सक्त ताकीद आहे. फोनवर सांगावं तर तुम्हाला ऐकू जाईपर्यंत मला जे ओरडावं लागेल ते ह्यांच्यासकट समोरच्या इमारतीलाही ऐकू जाईल, आणि फोन तर ह्यांच्या आरामखुर्चीला लागूनच आहे. म्हणून पत्र. (हे दुसऱ्याचं पत्र कधीही उघडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पाकिटाचं वजन मात्र करतात.)

तुमच्या मनात आलेला पहिला प्रश्न मला ठाऊक आहे, कारण तो सगळ्यांच्याच मनात येतो. नाही, पीत नाहीत. ज्या माणसाने खोकल्याच्या औषधातही किती टक्के काय आहे हे वाचून बाटली परत केली, तो काय पिणार. डॉक्टर म्हणाले, यकृतात चरबी साठत साठत जाऊनही हे होतं, वर्षानुवर्षं, काही न दुखता. पण लोकांना कुठे सांगत बसणार? वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भेटायला आले आणि जाताना दारात माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तुम्ही कधी बोलला नाहीत, केवढं सोसलंत.” मी खरं सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी मान हलवून मला गप्प केलं. आता ते जिन्यात दिसले की माझ्याकडे अशा काही करुणेने पाहतात की मलाच वाटायला लागतं, हे मला चोरून एखादा पेग घेऊन येत होते की काय. ह्यांनी तर डॉक्टरांकडे ‘सदर इसम मद्यपान करत नाही’ असा दाखला मागितला. दाराबाहेर पाटीखाली चिकटवायचा विचार होता.

तर आता मूळ गोष्ट. सुरुवात बरण्यांपासून झाली. आमच्या संसारात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे, बरणी मी भरायची आणि झाकण ह्यांनी उघडायचं. झाकण उघडताना ते माझ्याकडे असं पाहायचे की जणू माझ्यासाठी किल्ला सर केलाय, आणि मीही इतकी वर्षं तसंच पाहत आले. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी कॉफीच्या बरणीचं झाकण त्यांच्या हातून हललंच नाही. त्यांनी बरणी उलटीसुलटी केली, टेबलावर ठोकली, आणि ‘आटे खराब आहेत, कंपनीला लिहितो’ असं म्हणून बाजूला ठेवली. दुसऱ्या बरणीचेही आटे खराब निघाले. मग तिसरीचे. तेव्हापासून मी काय करते, वन्सं, तर ते अंघोळीला गेले की सगळी झाकणं फडक्यात धरून सैल करून ठेवते, अगदी नखभर, आणि मग नाश्त्याला हाक मारते, “अहो, जरा हे उघडता का.” ते उघडतात. माझ्याकडे तसंच पाहतात. मीही पाहते. आमच्या शाळेतल्या नाटकाच्या बाईंनी मला कधी परीचं कामसुद्धा दिलं नव्हतं, कायम झाड केलं. आज पाहायला हव्या होत्या.

झाकणांपाठोपाठ मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं. खांदे सदऱ्यात हँगरसारखे दिसायला लागले. गालांत खळगे पडले. मी म्हटलं, अहो, तुम्ही वाळताय. तर तुमचे बंधुराज न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहिले, खाली वाकून आकडा वाचला आणि म्हणाले, “काट्यावर फरक नाही.” झालं. वजनमापे खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसासमोर यापुढे बोलायची सोय नाही. ज्यांनी साऱ्या बाजाराचे तराजू तपासले, त्यांच्या घरातला काटा खोटा बोलणार कसा? तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी माळ्यावरून जुनी पितळी वजनं काढली, पुसली, काट्यावर एकेक ठेवली आणि काटा निर्दोष असल्याचं मला दाखवून दिलं. (वजनं परत माळ्यावर मी ठेवली. त्यांना ती वर उचलवत नव्हती.) उलट पोट जरा पुढे आलं होतं, ते दाखवून म्हणाले, वाळलेल्या माणसाला पोट असतं का?

आणि सकाळी ते निराळेच असायचे. दुपारनंतर माणूस अगदी पूर्ववत, राजकारणावर मतं वगैरे सगळं. पण नाश्त्याच्या आधी कधी सदरा उलटा, कधी चष्मा डोळ्यांवर असून शोधायचा, कधी हात थरथरतोय, कपाळाला घाम. एकदा दाढीच्या ब्रशवर टूथपेस्ट घेऊन आरशासमोर बराच वेळ उभे होते, पुढचं पाऊल काय ते आठवत. मी म्हटलं म्हातारपण. माझ्याही चाव्या फ्रिजमध्ये सापडतात. भीती वाटली की माणूस आधी म्हातारपणाच्या आड लपतो, तशी मी लपले.

मग तो बाजारातला प्रकार झाला. निवृत्तीनंतरही हे सकाळी उपाशीपोटी फेरी मारतात आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्याकडे उगाच एक नजर टाकून येतात. अधिकार काही उरलेला नाही, पण किराणावाल्याला अजून धाक आहे आणि ह्यांना त्या धाकाची सवय. त्या दिवशी दुकानाशी पोहोचले आणि पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर, त्या लोखंडी पाटावर, जाऊन बसले. बसले ते बसलेच. बोलेनात, उठेनात. आता दुसरा कोणी असता तर लोक धावले असते, पाणी मारलं असतं. पण हे ‘साहेब’. किराणावाल्याला वाटलं, तपासणीचा हा नवा प्रकार असावा. तो हात जोडून उभा राहिला. गिऱ्हाइकं उभी राहिली. शेजारचा भाजीवाला आपला तराजू झाकून आला आणि तोही उभा राहिला. अखेर किराणावाल्याने घाबरत घाबरत ह्यांचं वजन मोठ्याने वाचून दाखवलं, की साहेब, बरोबर आहे का? त्यावर ह्यांनी म्हणे डोळे किलकिले केले, आकड्याकडे पाहिलं, “फरक नाही” एवढं पुटपुटले आणि साखरेच्या पोत्यावर कलंडले. (रक्तातली साखर तळाला गेलेला माणूस साखरेच्याच पोत्यावर पडावा, आणि त्यातला एक कणही त्याच्या कामाचा नसावा, हे त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनात येत राहिलं आणि हसूही येईना.)

दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली आणि हे दिवा लागावा तसे जागे झाले. यकृताच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्हाला पाठवलं गेलं. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या, पण बोलायला लागल्या की आपणच त्यांच्या मुली. त्यांनी ह्यांना मुठीची ताकद मोजायचं एक यंत्र दाबायला दिलं. ह्यांनी ते दाबण्याआधी उलटं करून पाहिलं आणि विचारलं, “याची शेवटची तपासणी कधी झाली? शिक्का दिसत नाही.” बाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही दाबा तर खरं.” आजोबांनी दाबलं. बाईंनी आकडा पाहिला आणि मग मी दाबलं. वन्सं, माझा आकडा जास्त आला. हे खिडकीबाहेर पाहायला लागले. मला आयुष्यात कुठल्याही परीक्षेत पहिलं आल्याचं इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मग बाईंनी समजावलं, आणि मी वहीत लिहून घ्यावं तसं डोक्यात लिहून घेतलं. आपण जेवतो त्याची साखर रक्तात येते. सगळी एकदम रक्तात ठेवता येत नाही, म्हणून यकृत ती उचलतं, कण कणाला जोडून तिच्या साखळ्या करतं आणि आपल्याजवळ साठवून ठेवतं. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. रात्री आपण झोपतो पण मेंदू, हृदय काही झोपत नाहीत, त्यांना खायला लागतं. तेव्हा यकृत त्या साखळ्या सोडवून थोडी थोडी साखर रक्तात पाठवत राहतं. धडधाकट यकृताचा साठा सकाळच्या चहापर्यंत पुरतो. सिरॉसिसमध्ये मात्र यकृतभर व्रण आणि गाठी होतात, कामाच्या पेशी कमी उरतात, साठवायला जागाच राहत नाही. रात्र अर्धी व्हायच्या आतच कोठार रिकामं. मग शरीर काय करतं? स्नायू मोडतं आणि त्यातून साखर बनवतं. बाई म्हणाल्या, आम्ही धडधाकट माणसं दोन-तीन दिवस कडकडीत उपाशी राहिल्यावर आमच्या शरीरात जे होईल ते तुमच्या शरीरात एका रात्रीत होतं, रोज.

मला एकदम आमच्या कॉन्व्हेंटची पँट्री आठवली. पँट्रीच्या सिस्टर म्हणजे रुंद, ठेंगण्या, कमरेला चाव्यांचा जुडगा, चालल्या की घंटा वाजल्यासारखा आवाज. सकाळच्या प्रार्थनेला उपाशीपोटी उभं राहून आमच्यातली एखादी रोज चक्कर येऊन पडायची, तिच्यासाठी त्यांच्या फळीवर टोस्टचा डबा कायम भरलेला. मग एका वर्षी त्या फळ्यांना वाळवी लागली. सुताराने नव्या फळ्या घालण्याऐवजी जुन्यांनाच आडव्या, उभ्या, तिरप्या पट्ट्या ठोकल्या, वर ठिगळं, त्याला परत पट्ट्या. कपाट असं मजबूत झालं की हत्ती उभा राहील, पण डबा ठेवायला दोन पट्ट्यांत जागा उरली नाही. सिस्टर उघड्या कपाटासमोर चाव्या धरून उभ्या होत्या, तो चेहरा मला अजून दिसतो. आता समजा, वन्सं, पुढे रोज सकाळी मुली पडतच राहिल्या असत्या आणि डब्यात काही नसतं, तर त्या बाईने काय केलं असतं? वर्गातला एकेक बाक विकून पाव आणला असता. मुली जगल्या असत्या. पण शाळेत बसायला काही उरलं नसतं. तुमच्या भावाच्या शरीरात रोज पहाटे एक बाक विकला जातो आहे.

हे मी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, पुढच्या पेशंटला मीही असंच सांगेन. मला बरं वाटलं. हे मात्र आपल्या जागी घट्ट. “पण डॉक्टर, काट्यावर फरक नाही.” त्यावर बाईंनी काय करावं? त्यांनी ह्यांच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. मग पोटाला हात लावून म्हणाल्या, “काटा खरंच बोलतोय, आजोबा. जेवढं मांस गेलं तेवढं पाणी आत आलं. वजन तेच.” वन्सं, मी ह्यांचा चेहरा पाहत होते. ज्या माणसाने ओला कापूस पकडला, भिजवलेली भाजी पकडली, दुधात पाणी घालून माप भरणाऱ्यांना आयुष्यभर कोर्टात खेचलं, त्याच्या स्वतःच्या पोटात तोच धंदा चालू होता, आणि तोही घरच्या, तपासलेल्या, निर्दोष काट्यावर. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले. “मी फसलो, आणि तेही पाण्याने.”

उपाय म्हणाल तर हसण्याइतका सोपा. औषधं आहेत, मीठ कमी आहे, ते सगळं ते शिस्तीत करतात. पण मुख्य म्हणजे उपाशी राहण्याचं अंतर वाढू द्यायचं नाही. सकाळी उठल्याबरोबर काहीतरी, आणि झोपण्याआधी एक छोटं खाणं. नुसती साखर नको, पोटात हळूहळू विरघळेल असं. दोन पाव आणि अंडं, नाहीतर केळं आणि दूध. झोपण्याआधीचा तो घास हा मुख्य. तो पोटात असला की पहाटेचा बाक वाचतो. म्हणजे माझ्या नवऱ्याचे हातपाय एका पावाच्या तुकड्यावर अवलंबून आहेत, तो तुकडा माझ्या हातात आहे, आणि तो त्यांच्या तोंडात जात नाही.

का जात नाही ते तुम्हाला मी सांगायला हवं का? दिवे लागले की अन्नाला हात लावायचा नाही. ‘रात्री पोटालाही झोपू द्यावं.’ हे तुमचं वाक्य, वन्सं, मी लग्न झाल्याच्या पहिल्या संध्याकाळपासून ऐकत आलेय. सासूबाई गेल्यावर तुम्ही स्वतः शाळेत जाता जाता ह्यांना वाढवलंत, शिस्त लावलीत, त्या शिस्तीबद्दल मी कोण बोलणार. मी आपली पाहुण्यांच्या घरी रात्रीच्या जेवणाला एकटीच जेवत आले आणि ‘ह्यांना तुम्ही उपाशी ठेवता का’ असं विचारणाऱ्यांना हसून उत्तर देत आले. पण आता म्हटलं, अहो, डॉक्टरांनी सांगितलंय. तर म्हणतात, डॉक्टरीणबाई कालच्या आहेत, ताईने सांगितलंय.

मी काय काय केलं ते ऐका. घरातली सगळी घड्याळं मागे केली, म्हणजे रात्रीचं खाणं दिवेलागणीच्या आधी बसेल. ह्यांनी खिडकीबाहेर पाहून विचारलं की आज सूर्य रजेवर आहे का. मग मी डॉक्टरीणबाईंच्या पाया पडून (अर्ध्यातच, गुडघा) औषधांच्या कागदावर ‘केळं, एक, झोपण्यापूर्वी’ असं लिहून घेतलं. ह्यांनी तो कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, औषध म्हणता तर मात्रा सांगा, दोन केळी कधी सारख्या वजनाची असतात का? मग मी म्हटलं, सोबत देऊ, एकट्याने खायला नको वाटत असेल. रोज झोपताना मी त्यांच्यासमोर बसून पाव, अंडं, केळं, दूध खाऊ लागले. ते अगदी सौजन्याने बसून राहायचे, मला मीठ द्यायचे, केळ्याची साल उचलून नेऊन टाकायचे. महिनाभराने काट्यावर फरक पडला, वन्सं. माझ्या.

डॉक्टरीणबाईंनी मला सांगून ठेवलंय की सकाळी उठले की काहीतरी सोपं विचारायचं, उत्तर नीट आलं की समजायचं डोकं जागेवर आहे. वार, तारीख विचारली तर हे चिडतात. म्हणून मी बशीत बिस्किटं घेऊन जाते आणि विचारते, “अहो, किलोत ग्रॅम किती?” रोज उत्तर येतं, “एवढं विचारायला माझ्याशी लग्न केलंस का?” आणि माझ्या जिवात जीव येतो. पण मागच्या आठवड्यात मी विचारलं तर ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. ओठ हलले, आवाज नाही. मग हळूच म्हणाले, “कोणाच्या दुकानातल्या किलोत?” आता हे उत्तर बरोबर की चूक? हा मेंदू सुस्त झालाय की नेहमीपेक्षा जास्त चालतोय? मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिले, हसावं की फोन करावा ते न कळून. त्यांनी बिस्किट घेतलं, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, “घाबरलीस होय.” अजूनही मला माहीत नाही तो विनोद होता की नाही.

असो. फार लिहिलं. तुम्ही अजिबात काळजी करू नका, रक्तदाबाची गोळी चुकवू नका आणि हातातली कामं टाकून इकडे यायची तर मुळीच गरज नाही. सगळं नीट चाललंय. जिन्याला कठडा करून घ्या. 

आपली,
धाकटी भावजय

ता. क. सगळं नीट चाललंय असं वर लिहिलंय ते मी पत्र संपवायचं म्हणून लिहिलंय. परवा सकाळी पुन्हा झालं. मी बिस्किटं घेऊन गेले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते पण ते मला ओळखत नव्हते. घामाने उशी भिजलेली. मी साखरेचं दूध चमच्याने त्यांच्या ओठाला लावलं तर त्यांनी माझं मनगट धरलं (त्या मुठीत आता काही राहिलेलं नाही, पण धरलं) आणि लहान मुलासारख्या आवाजात म्हणाले, “ताई, मला खरंच भूक नाही. तू खा. मी आता रात्रीचं खात नाही ना.” आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मी चमचा परत दुधात बुडवला. मग म्हटलं, “मी खाल्लं रे, धाकट्या. आता तू खा.” तुम्ही त्यांना धाकट्या म्हणता ते मला ठाऊक होतं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, विचारलं, “नक्की?” आणि मग प्याले. सगळं. थोड्या वेळाने शुद्धीवर आले तेव्हा काही आठवत नव्हतं. उशी का ओली, एवढंच विचारलं.

दुसरा ता. क. वन्सं, सासूबाई गेल्यानंतरच्या त्या दिवसांत घरच्या डब्यात किती असायचं आणि पोटाला झोपवायची शिस्त कुठून आली, हे मी तुम्हाला विचारणार नाही. ते तुमचं तुम्हाला माहीत आहे. पण हे माहीत नसेल म्हणून सांगते, की ती शिस्त आहे असं तुमच्या धाकट्याने मानलं नव्हतं. तुमच्या वाट्याला जावं म्हणून तो नाही म्हणत होता, आणि तुम्ही त्याला नियम सांगत होता. साठ-पासष्ट वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना फसवताय, आणि मापं तपासणारा एकही माणूस मधे आला नाही. मी समोर बसून खाऊन काही उपयोग नाही. मी कधीच उपाशी झोपलेले नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तेव्हा खरं काम असं आहे. रोज झोपायच्या आधी फोन करायचा. ‘धाकट्या, माझं खाणं चाललंय, तूही घे’, एवढंच म्हणायचं, आजाराचा शब्द काढायचा नाही. पण नुसतं म्हणून भागणार नाही. ते खातरजमा केल्याशिवाय काही मानत नाहीत. तुम्हाला खरंच खावं लागेल, फोनला तोंड लावून, ऐकू जाईल असं. टोस्ट घ्या, कडक भाजलेला.

तिसरा ता. क. ह्यांनी आत्ता पाकीट हातावर तोललं आणि म्हणाले, ताईला एवढं काय जड लिहिलंस, एक पान काढ, नाहीतर जास्तीचं तिकीट लागेल. मी तिकीट लावलंय. हे पत्र मिळेल त्या दिवसापासून रात्री तेवढी कवळी लवकर काढून ठेवू नका.